जैविक, नवीकरणीय, सामूहिक

चाळणीनं माझ्या आईला टोचलं तेव्हा मी समोरच्या बांधावर उभी होते आणि मला ते कळलंसुद्धा नाही. बैलगाडीएवढं, सहा चाकांचं, पिवळं यंत्र आमच्या रुद्रभूमीतून तुरुतुरु चाललं होतं. थोडं पुढं जायचं, थांबायचं, पोटाखालून लांब सुई काढायचं, जमिनीत खुपसायचं आणि उपसून पुन्हा चालू पडायचं. मला वाटलं, पाणी शोधतायत. मनातल्या मनात मी त्याला शाबासकीही दिली. आता ते आठवलं की तोंडात कडू पाणी येतं.

रुद्रभूमी म्हणजे आमची, लिंगायतांची, दफनभूमी. आमचं मुगळहाळ सोलापूर जिल्ह्याच्या पार टोकाला आहे. पुढच्या गावापासून पाट्या कन्नड. आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही निजवत नाहीत. खोल खड्डा घेतात, त्याच्या एका अंगाला देवळी कोरतात, माणसाला मांडी घालून बसवतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात आणि विभूती, मीठ, बेलाची पानं घालून खड्डा बुजवतात. विभूती भरपूर लागते. वर दगड उभा करायची आमच्या गावात रीत नाही. दोन पावसाळ्यांत गवत माजतं, आणि कोण कुठं बसलंय ते फक्त घरच्यांना ठाऊक असतं. माझी आई लिंबाच्या झाडाच्या उजव्या अंगाला बसली आहे.

मी नीलांबिका कलशेट्टी. भूगोलाची शिक्षिका होते. निवृत्त झाले तरी शिकवायची खोड जात नाही, तेव्हा हे चाळणीचं प्रकरण आधी समजावून देते.

पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश लागतं. नत्र हवेतून काढता येतं, कारखाना टाकला की झालं. स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, तसं नाही. ते खडकातूनच खणावं लागतं, आणि तसा चांगला खडक जगात मोजक्या देशांकडं आहे. त्याला पर्याय कुठलाच नाही. पानाच्या पेशीला ते लागतं, गाईच्या दुधाला लागतं, तुमच्या-माझ्या हाडांना लागतं. त्या मोजक्या देशांनी एकामागून एक दारं लावून घेतली, तेव्हा पहिल्या वर्षी आपण हसलो. दुसऱ्या वर्षी आमच्या शिवारातली ज्वारी जांभळी पडली. स्फुरद नसलं की पान हिरवं राहत नाही, जांभळट होतं. लांबून दिसायला सुंदर. कणसात दाणा नाही.

मग सरकारनं चाळणी आणली. तिच्या सुईच्या टोकाशी न्यूट्रॉन सोडणारी एक बारीक कुपी असते. न्यूट्रॉन मातीत घुसले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे गॅमा किरण परत फेकतं. लोखंडाची सही वेगळी, स्फुरदाची वेगळी. सुई त्या सह्या वाचते. एवढंच असतं तर चाळणी हे एक चांगलं यंत्र होतं. पण ती वाचून थांबत नाही, जागच्या जागी वर्गीकरणही करते. सापडलेली वस्तू सजीवांपासून आली की निर्जीवांपासून, म्हणजे जैविक की अजैविक? वापरली तर पुन्हा भरून येते का, म्हणजे नवीकरणीय की अनवीकरणीय? नुसता साठा आहे, की आज हात घालता येईल असा राखीव माल? आणि मालकी कुणाची: व्यक्तीची, समूहाची की राष्ट्राची? हे चार प्रश्न मी जन्मभर वर्गात घोकून घेतले. मुलं विचारायची, "बाई, हे कशाला पाठ करायचं?" मी सांगायचे, "कुठली गोष्ट किती जपून वापरायची ते ठरवायला." काय तोऱ्यात सांगायचे!

चाळणीला स्मशानं वगळायला शिकवलं होतं. पण ते शिकवलं होतं आडव्या माणसांवरून. जमिनीखाली लांबट आकार आणि त्यात हाडांची रांग दिसली की सुई मागं घ्यायची. आमची माणसं पडली बसलेली. खोल, गोल खड्डे, वरपासून खालपर्यंत राख आणि मीठ, मधोमध स्फुरदाची दाट गाठ. तिला ते खडकातल्या गाठीसारखं दिसलं.

संध्याकाळी माझा धाकटा भाऊ रेवणसिद्ध फोन नाचवत घरी आला. त्याची डाळिंबाची बाग आहे, माणूस कष्टाळू आणि जरा हावरा.

"अक्का, लॉटरी लागली की गावाला! बघ, स्फुरद सापडलंय. शिवारातच!"

नकाशावर हिरव्या ठिपक्यांचा पुंजका होता. खाली लिहिलं होतं: अजैविक, अनवीकरणीय, साठा, सामूहिक. मी लिंबाचं झाड शोधलं, मग त्याच्या उजव्या अंगाचा ठिपका.

"रेवण, ही आई आहे," मी म्हणाले.

त्यानं फोन जवळ धरला, लांब धरला. खुर्चीवर बसला. "होय की," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला वर्गीकरण कक्षात गेले. तिथल्या अधिकारी गौतमी राजहंस ही तिशीतली, गोड बोलणारी मुलगी. माझी भांडायची इतकी तयारी होती, आणि तिनं भांडायला जागाच ठेवली नाही. मी बसवून समाधी देण्याची रीत सांगितली तशी तिचे डोळे भरून आले.

"मॅडम, आय ॲम सो सॉरी. ही यंत्राची चूक आहे. आत्ता दुरुस्त करते."

तिनं पडद्यावर 'अजैविक' खोडलं आणि 'जैविक' केलं. मी सुटकेचा श्वास टाकला. मग पुढचे रकाने आपोआप बदलायला लागले. अनवीकरणीयचं नवीकरणीय झालं. साठ्याचं राखीव झालं. सामूहिक तेवढं तसंच राहिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"ते ऑटोमॅटिक आहे. जैविक झालं की नवीकरणीय होतं. आणि नवीकरणीय झालं की जपून वापरायची अट निघते, मग ते राखीव मालात येतं."

"बाई, ती माणसं आहेत. माणसं नवीकरणीय कशी?"

ती जरा गोंधळली. खरंच विचार करून म्हणाली, "म्हणजे… दरवर्षी भर पडतेच ना, मॅडम?"

मी उठले. कक्षाच्या मागं बाभळ होती, तिच्या बुंध्याशी मला भडभडून ओकारी झाली. बिचारी पाण्याची बाटली घेऊन मागं आली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मी शाळेत हेच शिकले हो, मॅडम," ती म्हणाली. "जंगल, मासे, गुरं. जैविक म्हणजे नवीकरणीय." कुठल्या बाईनं शिकवलं म्हणून तिला विचारणार होते. नाही विचारलं. माझ्यासारख्याच कुणीतरी शिकवलं असणार.

जाताना तिनं एक वाट सांगितली. सामूहिक मालकीच्या मालाला ग्रामसभेची मान्यता लागते. वस्तू निसर्गात आहे म्हणून ती संसाधन होत नाही. ती मिळवायचं तंत्र हवं, ती परवडायला हवी आणि समाजाला तिचा वापर मान्य असायला हवा. हेही माझंच वाक्य, पहिल्या धड्यातलं. गावानं नाही म्हटलं तर आई वाचत होती.

गाव नाही म्हणेल असं मी धरूनच चालले होते. रेवणच्या घरी गेले तर तोच वेगळं बोलायला लागला.

"अक्का, रागावू नको. पण इचार कर. स्वामी सांगत नाहीत का, देह मातीचा म्हणून? माती मातीला मिळाली तर बिघडलं कुठं? नातवंडांच्याच ताटात जाणार की ती."

"आईला दळणार तू?"

"मी कशाला दळतोय? यंत्र दळतंय. आणि सगळ्या गावाचं हाय ते, आपल्या एकट्याचं थोडंच हाय? झाडं बघितलीस माझी? फूल धरंना झालंय. ज्वारी गेली, आता बाग जाणार. मग पोरांना काय जांभळी पानं घालू खायला?"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं, याचीच मला जास्त चीड आली. मी हिशेब करून गेले होते. एका माणसाच्या हाडांत पाऊण किलोच्या आसपास स्फुरद असतं. एक हेक्टर ज्वारीला पंचवीसेक माणसं लागतात. डाळिंबाला शंभरावर. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं कानांवर हात ठेवले, पण त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, तो आपल्या बागेला किती लागतील ते मोजत होता. सख्ख्या भावाची शिसारी येते तेव्हा कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

चुलीपाशी त्याची बायको सुवर्णा बसली होती. सासूला ती आत्या म्हणायची. ती कधी आमच्या दोघांच्या मध्ये पडत नाही. ती म्हणाली, "आत्यांना शेवटची आंघोळ मी घातली. कपाळाला विभूती मी लावली. त्याच हातानं मी खत फेकू व्हय?"

सुवर्णाचे हात मी तिथंच, चुलीपाशी धरले होते. किती विश्वास वाटला होता मला त्या हातांचा.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. राजहंसबाई पडदा आणि यंत्र घेऊन आल्या. आधी चार-पाच जण रेवणसारखंच बोलले, टाळ्याही पडल्या. लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं म्हणायला जीभ रेटत नाही, पण तसंच होतं ते. मग मी उभी राहिले. भाषण काही तयार नव्हतं, रागच होता.

"मी तुम्हाला शिकवलंय," मी म्हणाले. "संसाधन कशाला म्हणायचं ते. आता माझं ऐका. ज्या मेलेल्या माणसाचं नाव घेणारं एक तरी माणूस जिवंत आहे, तो मेलेला संसाधन नाही. तो माणूसच आहे. ज्याला ज्याला आपल्या माणसाचं नाव आठवतंय त्यानं उभं राहून घ्यावं. आणि मग मत द्यावं."

मी आईचं नाव घेतलं. पार्वतव्वा. मग मागून एका म्हाताऱ्यानं आपल्या बायकोचं घेतलं. एका बाईनं आपल्या तान्ह्याचं घेतलं. मग नावांचा नुसता पाऊसच. पटांगणात अर्धं गाव उभं आणि अर्धं रडत होतं. शेवटी रेवण उठला. "पार्वतव्वा," तो म्हणाला, "माझी बी आईच हाय ती." आणि त्यानं विरोधात हात वर केला. ठराव साफ पडला. पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यांचा पुंजका विझला, आणि मी भावाच्या गळ्यात पडून रडले.

राजहंसबाई डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. "मॅडम, काय वाक्य बोललात! नियमांत घ्यायला वर पाठवू का?" मी म्हणाले, "पाठवा की." मला अभिमान वाटला होता. उगाच खोटं कशाला सांगू?

पुढच्या हंगामात खत आलं. पांढुरकी, पिठासारखी भुकटी, सरकारी पोत्यांतून. सगळ्यांनी घेतलं. ज्वारी हिरवीगार झाली, कणसं दाण्यांनी वाकली. रेवणच्या बागेत डाळिंबं लालबुंद लगडली. गावात हसू परतलं. पहिलं डाळिंब त्यानं मला आणून दिलं, आणि मी ते सोलून, दाणा दाणा चावून खाल्लं.

सुगी झाल्यावर सुवर्णानं मला ज्वारी पाठवली, खताच्याच रिकाम्या पोत्यातून. ते झटकून घडी घालताना मी त्यावरचा मजकूर वाचला. जैविक. नवीकरणीय. राखीव. राष्ट्रीय.

जैविक म्हणजे कुठल्या जिवाचं? मी राजहंसबाईंना फोन लावला. त्या नेहमीसारख्याच गोड बोलल्या.

"मॅडम, तुमच्याच वाक्याचा नियम झालाय! आता राज्यभर लागू आहे. नाव घेणारं कुणी असेल तर ती जागा कायमची वगळायची. कितीतरी गावांची स्मशानं वाचली तुमच्यामुळं."

"आणि नाव घेणारं कुणी नसेल तर?"

"मग मालकी राष्ट्रीय होते," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हीच म्हणाला होतात, मॅडम."

खत जिथं तयार होतं तिथला पत्ता त्यांच्याकडून घेऊन मी गेले. एका मोठ्या शहराबाहेर बेवारशांना पुरायचं मैदान होतं. फुटपाथवर मेलेले, साथीत गेलेले, रुग्णालयातून कुणी न्यायला न आलेले, परमुलखातून कामाला येऊन इमारतीवरून पडलेले. आडवे पुरलेले, पण आता चाळणीला सुई मागं घ्यायची गरज उरली नव्हती. एका बाजूनं खोदत आणत होते, पट्ट्यावरून वर नेत होते, आणि दुसऱ्या बाजूनं भुकटी पोत्यांत पडत होती. घाण वास येईल म्हणून मी पदर नाकाला लावून गेले होते. वास अजिबात नव्हता. सगळं कोरडं, स्वच्छ, नीटनेटकं. कामगारांच्या भुवयांवर पांढरी भुकटी बसली होती आणि ते सावलीत चहा पीत होते. एकाच्या कपात ती उडाली तशी त्यानं बोटानं साय काढावी तशी काढून टाकली. वास आला असता तर बरं झालं असतं.

मी फाटकावरच्या माणसाला म्हणाले, "यातला एक माझा आहे. नाव सांगते."

"सांगा की," तो म्हणाला. "पण थुंकी लागंल, बाई. नुसतं नाव चालत नाही. कोणीबी येऊन कायबी सांगतंय."

त्यानं नळी पुढं केली, मी थुंकले. यंत्रानं माझी थुंकी त्या दिवशी निघालेल्या हाडांशी ताडून पाहिली आणि लाल दिवा लावला. नातं जुळत नाही. मी म्हणाले, मग दुसरा असेल. तो भला माणूस होता, त्यानं पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा लाल. मी नावं सांगत गेले, जी सुचतील ती, माझ्या वर्गातल्या मुलांची, शेजाऱ्यांची, देवांची. शेवटी त्यानं नळी काढून घेतली.

"बाई, समदेच तुमचे कसे असतील?" तो म्हणाला. "जावा घरी. ऊन लागंल."

तिथून मी तडक रेवणच्या घरी गेले. घरात पाट मांडलेले, सुवर्णा वाढत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टा, भुकटी, चहा, सगळं. वाटलं होतं की ताटं सरकवली जातील.

रेवणनं घास गिळला. "माहीत हाय, अक्का."

"माहीत आहे?"

"पोत्यावर लिहिलंय की. सगळ्या गावाला माहीत हाय. तुला ठाऊक नसंल असं वाटलं नाही आम्हाला. नियम तुझाच हाय म्हणत्यात." त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, दया होती. "आपल्यातलं कुणी नाही त्यात. आई हाय ना जागेवर? मग?"

मी सुवर्णाकडं वळले. "तू फेकलंस ते खत? याच हातांनी?"

"ते आपले नव्हेत, वन्सं," ती शांतपणे म्हणाली. "बसा. जेवून घ्या. तोंड सुकलंय तुमचं."

ती मनापासून म्हणाली होती. मला दोघांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी म्हणाले, या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, आणि चालती झाले. रेवण फाटकापर्यंत मागून हाका मारत आला. मी वळून पाहिलं नाही.

घरी येऊन दार लावून घेतलं. स्वयंपाकघरात काय काय आहे ते पाहिलं. ज्वारी सुवर्णानं पाठवलेली. तूरडाळ गावचीच. दूध शेजारच्या म्हशीचं, म्हैस त्याच शिवारात चरते. तांदूळ रेशनचा, पण ते खत सगळीकडंच गेलं होतं. गूळ, मिरच्या, शेंगदाणे. एकेक डबा उघडत गेले आणि झाकण लावत गेले. मग हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, आणि पाणी पिऊन आडवी झाले.

दुसऱ्या दिवशीही पाणीच प्यायले. मैदानातल्या त्या मेलेल्यांना चेहरे द्यायचा प्रयत्न केला, इमारतीवरून पडलेल्या कुणालातरी, फुटपाथवरच्या कुणालातरी. नाव एकाचंही येईना. दुपारनंतर चेहरेही येईनासे झाले. पोटात कळा येत होत्या आणि शेजारच्या घरातून भाकरीचा खरपूस वास येत होता. त्यातच रेवण दाराबाहेर येऊन बसला. "अक्का, काहीतरी खा. मी पाया पडतो," तो म्हणत होता आणि रडत होता. माझा लहान भाऊ. मी दार उघडलं नाही. तो गेल्यावर उठले, परातीत पीठ घेतलं, मळलं, थापलं. भाकरी कडेला फाटली. पहिला घास तोंडात घेतला आणि ओकारीची वाट पाहत बसले.

ओकारी आली नाही. भाकरी गोड लागली, चांगल्या जोमदार ज्वारीची असते तशी. ती संपल्यावर, माझीच मला किळस येत असतानाच, मी दुसरीचं पीठ परातीत घेतलं.